सड्यावरचे माहेर

मी एक जुनी लष्करी जीप आहे. मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी एक वाडी आहे, तिथे माडांच्या सावलीत विणलेल्या झापांच्या खोपीत मी उभी असते. माझा हिरवा रंग अजून चांगला आहे. मात्र माझ्या बॉनेटवर तळहाताएवढी एक जागा बिनरंगाची आहे. पाहुणे विचारतात, एवढी निगा राखलेली जीप आणि मध्येच हा डाग कसला? मित्रांनो, त्या डागाचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. माझ्यासारख्या कितीतरी जणी एका रांगेत उभ्या होत्या. आमचे बारसे कुणी केले नाही. नंबर तेवढा दिला आणि त्याच्या आधी, सैन्यातल्या गाड्यांवर असतो तसा, वर तोंड केलेला एक बाण रंगवला. मग मी सैन्यात गेले. बर्फाच्या वाटा चढले, नद्यांतून पोटापर्यंत पाणी तुडवत गेले, जखमी जवानांना मांडीवर घेतल्यासारखे जपून खाली आणले. साहेब लोक पाठ थोपटत तेव्हा माझी मान ताठ होई, खोटे कशाला बोलू? माझ्या सीटवर बसून जवान घरच्या गोष्टी काढत. कुणाची आई, कुणाची म्हैस, कुणाचे बांधावरचे फणसाचे झाड. मी ऐकत राही. मला आठवायला घर नव्हते. ज्या छावणीत मुक्काम पडे तेच माझे घर, आणि तेही उचलले जाई.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि एका साहेबाने मला निकामी ठरवले. बेळगावकडच्या एका मैदानात लिलावासाठी नेऊन उभे केले. पावसाळे गेले. पायाखालच्या पत्र्यातून गवत वर आले, भोंग्यात पालीने संसार थाटला. भंगारवाले येत, मला ठोकून पाहत आणि लोखंडाच्या वजनाचे बोलत. मला रस्त्याची फार आठवण येई.

तिथे एक दिवस काशिनाथ आले. ते आगबोटीच्या इंजिनखान्यात आयुष्य काढून नुकतेच घरी बसले होते. आपला सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी मला ठोकले नाही. बॉनेट उघडून कान लावला, जणू आत कुणी झोपले आहे आणि त्याला उठवायचे नाही. मग ट्रकवर चढवून त्यांनी मला घाट उतरवून कोकणात आणले.

मला आणण्यामागे एक कारण होते. काशिनाथांच्या पत्नी विमलाबाई यांचे माहेर विजयदुर्गच्या अलीकडे, उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. एसटी पायथ्याशी सोडते. पुढे जांभ्या दगडाची खडी घाटी. विमलाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना ती चढवत नव्हती. वर त्यांची आई, माई, म्हातारपणाने वाकलेली. तिला उतरवत नव्हते. काही वर्षे झाली, मायलेकींची गाठ नव्हती. सड्यावरून कुणी बाजाराला उतरले की माईचा एकच निरोप येई, विमला जत्रेक येता मा? तिथल्या देवीच्या जत्रेत माहेरवाशिणीने देवीची ओटी भरायची रीत. विमलाबाईंची ओटी दरवर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून जाई. काशिनाथ इतकी वर्षे बोटीवर असल्यामुळे त्यांना बायकोला कधी नेता आले नव्हते. आता ते म्हणाले, ही जीप तयार करतो आणि तुला देवळाच्या पायरीशी उतरवतो.

मित्रांनो, तुमची कुणी एवढी सेवा केली आहे का? माझा एकेक खिळा सुटा करून त्यांनी घासला. इंजिन पडवीत चटईवर मांडले. होड्यांची शिडे शिवणाऱ्या गंगारामाकडून माझे छत शिवून घेतले, त्यामुळे वारा सुटला की मला समुद्रात जावेसे वाटे. आणि खाऱ्या हवेचा गंज लागू नये म्हणून, होडीला लावतात तसे मोरी माशाचे तेल त्यांनी मला चोपडले. लोखंड दिसले की तेल, हा त्यांचा नेम. चाकांत ब्रेक बसतो त्या ड्रममध्येही हात घालून त्यांनी ते माखले. आगबोटीला कुठे ब्रेक असतो? वाडीतली झाडून सगळी मांजरे माझ्याखाली मुक्कामाला आली. जिच्या वाऱ्याला शत्रू उभा राहत नसे, तिच्याभोवती आता बोके शेपट्या उडवत फिरत होते.

इंजिन सुरू झाले त्या दिवशी विमलाबाईंनी सगळ्या वाडीला गूळ-खोबरे वाटले. मला वाटले, आता निघालो. पण जत्रा आली तेव्हा काशिनाथांना डाव्या दिव्याची काच मनासारखी मिळाली नव्हती. पुढच्या जत्रेला रंगाचा दुसरा हात व्हायचा होता. त्याच्या पुढच्या वेळी खिडक्यांचे पडदे शिवायचे राहिले होते. लोक लांबून मला पाहायला येत, तोंडभर कौतुक करत, आणि काशिनाथ फुलून जात. विमलाबाई सगळ्यांना चहा देत. "जरा थांब गो," काशिनाथ म्हणत, "पुढच्या जत्रेक नक्की." बोटीवर जातानाही ते हेच म्हणत असत, असे त्या एकदा मांजरांना सांगत होत्या. संध्याकाळी त्या माझ्या सीटवर येऊन बसत आणि समोरच्या वाटेकडे पाहत. मीही तिकडेच पाही. आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी झुरत होतो.

मग एका जत्रेच्या सकाळी गंगाराम निरोप घेऊन आला. माईने अंथरूण धरले होते. यंदा तिने काही विचारले नव्हते. विमला येणार का, हेसुद्धा नाही.

काशिनाथ ब्रश घेऊन माझ्या रंग खरवडलेल्या बॉनेटपाशी उभे होते. विमलाबाई हिरवे लुगडे नेसून, ओटीचे ताट मांडीवर घेऊन माझ्यात येऊन बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"रंगवलेली जीप माका नको. चलता ती व्हयी. आज जावया."

काशिनाथांनी ब्रश खाली ठेवला.

सपाट रस्त्यावर मी वाऱ्यासारखी धावले. हळूहळू थांबले तरी चालत होते, म्हणून पायाखालचा ब्रेक किती दुबळा झाला आहे ते काशिनाथांना कळले नाही. घाटीच्या मध्यावर, चढ अंगावर आला तिथे, माझा दम कोंडला आणि इंजिन बंद पडले. त्यांनी ब्रेक दाबला. ड्रममध्ये मोरीचे तेल. चाके कशाला ऐकतात? हातब्रेकही तसाच निसटला. मी मागे घसरू लागले. माझ्या डाव्या अंगाला दरी होती. मी भ्याले, मित्रांनो, लढाईत भ्याले नव्हते तेवढी भ्याले. काशिनाथांनी सगळे बळ लावून चाक फिरवले आणि मी उजवीकडच्या दगडी गडग्याच्या भिंतीवर आदळून थांबले. ओटीतले तांदूळ सांडले. कुणाला लागले नाही.

काशिनाथ खाली उतरले. ते चाकापाशी वाकले. वास घेताच त्यांना आपली चूक कळली. ड्रम उघडून साफ करावे लागणार, आज काही जमणार नाही, मागे फिरू, पुढच्या जत्रेला नक्की, असे ते सांगू लागले.

विमलाबाई सांडलेले तांदूळ एकेक करून ताटात भरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी उतरूचंय नाय. ओढा, ढकला, काय व्हया ता करा. पुढची जत्रा माईक दिसाची नाय."

जत्रेला निघालेले किनाऱ्यावरचे लोक मागून चढत होते. एसटीने आलेला गंगाराम त्यांत होता. त्याने मला पाहिले, ताटाकडे पाहिले आणि डोक्यावरचे गाठोडे उतरवले. रापणीची जाळी ओढणारे ते हात. होडी वाळूवर चढवायची रीत त्यांना कुणी शिकवावी? दोर बांधले गेले. दोघे जण मागच्या चाकांशी दगड घेऊन बसले. काशिनाथांनी इंजिन चालू केले, चारी चाकांचा दांडा टाकला, आणि "हो हेस्सा" म्हणत माणसे ओढू लागली. हातभर चढले की चाकाखाली दगड, पुन्हा हातभर. होडीसारखी मी डोंगर चढले. इतक्या माणसांनी मला ओढले आणि एकानेही माझ्या लोखंडाचे वजन काढले नाही.

देवळाच्या अलीकडेच माईचे घर. विमलाबाईंच्या भावाने, शंकरने, आईला उचलून अंगणात आणून बसवले होते. घाटीतला गलका तिने अंथरुणावरून ऐकला होता. तिला फारसे दिसत नव्हते. विमलाबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. माईने तो हात चाचपला, बांगड्यांपर्यंत नेला.

"इलंस गो?"

"इलंय, माई."

काशिनाथ माझ्याआड उभे राहून डोळे पुसत होते आणि मोरीच्या तेलाने ते अधिकच चुरचुरत होते.

विमलाबाई देवळात देवीची ओटी भरून आल्या, मग माईने लेकीची ओटी भरली. ताटात तांदूळ उरले, एक नारळ उरला. तिने विचारले, कशातून आलीस? विमलाबाईंनी तिला धरून माझ्यापाशी आणले. माईने माझ्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला, हळदकुंकू लावले आणि म्हणाली, "हिणा माझा चेडू हाडल्यान. आज ही पण माहेरवाशीण. हिचीय ओटी भरूक व्हयी."

लेक आणून दिली म्हणून तिने तो नारळ आणि मूठभर तांदूळ माझ्या सीटवर ठेवले. नंबराखेरीज मला तोवर कुणी काही दिले नव्हते.

पुढच्या जत्रेला माई नव्हती. काशिनाथांनी मागच्या वेळी सडा उतरण्याआधीच ड्रम स्वच्छ केले होते, ब्रेक पक्के होते, त्या घाटीवर मी कुणाच्या मदतीशिवाय चढले. अंगण रिकामे होते. परतल्यावर काशिनाथांनी बॉनेट रंगवायला घेतले, आणि माईच्या हाताची जागा तेवढी सोडून बाकी सारे रंगवले. ज्यांना काचेवरचा ओरखडा खपत नसे, त्यांना हा डाग चालतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, रंग द्या, त्यांना गंजू देऊ नका. पण कुणी वाट पाहत असेल, तर रंग वाळण्याची वाट पाहू नका. जत्रेचे दिवस आले की विमलाबाई अजूनही माझ्या सीटवर येऊन बसतात आणि आम्ही दोघी सड्याच्या वाटेकडे पाहतो. त्यांचे माहेर तिकडे आहे. माझेही तिकडेच आहे.