बारा फटके

गाद्या शिवणाऱ्या त्या घरात दुपारचं काम नेहमीसारखं चाललं होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्या दोन खोल्यांमध्ये एका विटेची भिंत. दुकानात थोरला आणि त्याची बायको उभ्या गादीच्या दोन बाजूंना बसले होते. तो इकडून दाभण खुपसायचा, ती तिकडून ओढून परत पाठवायची.

"हेडक्लार्कची गादी आहे ही," थोरला हळूच म्हणाला. "इतकी वर्षं वापरली, पण खड्डा मात्र एकच."

"म्हणजे नवरा-बायको अजून बोलतात एकमेकांशी!" थोरली म्हणाली आणि मोठ्याने हसली.

ते हसणं आत सासूबाईंच्या कानावर गेलं. "बाई खिदळते आणि बाप्या ऐकतो! बांगड्या भरल्यास का रे?"

सासूबाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी होती. सासऱ्यांनी पाट मारून मोडलेली. पण ती त्या दागिन्यासारखी मिरवायच्या. "असा धाक होता, म्हणून घर टिकलं," हे त्यांचं पालुपद.

थोरला मुकाट्याने उठला. कापूस झोडपायची काठी त्याने घेतली, बायकोला दंडाला धरून खोलीत नेलं आणि कडी लावली. मग काठी सपासप चालू लागली. एक, दोन, तीन... थोरली किंचाळत होती, "नको हो, मेले! पुन्हा नाही हसणार!"

बारा फटके झाले. सगळे कोपऱ्यातल्या जुन्या गादीवर.

"आज 'मेले' जरा जास्तच झालं," तो कुजबुजला.

"आणि तू फटके फार घाईत मारलेस. माझी किंचाळी मागे राहिली," ती म्हणाली आणि गोणपाटाने गाल घासून लाल करू लागली. चारचौघांत 'अहो', कडी लावली की 'तू', असा त्यांचा आठ वर्षांचा रिवाज होता.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी लेकाच्या हातात ती काठी दिली होती. आत गेल्यावर त्याला ती उगारवेना. नव्या नवरीने त्याच्याकडे पाहिलं आणि बोटाने गादी दाखवली. त्या क्षणी ती दोघं मित्र झाली. नवरा-बायको तर उदंड असतात, मित्र किती असतात? पण ही मैत्री कडीच्या आतली. कडीच्या बाहेर, भिंतीपलीकडे धाकटा दीर राहत होता. तो आठ वर्षं फक्त आवाज ऐकत आला होता.

त्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते. धाकटी चुणचुणीत होती. पुढच्या आठवड्यात तिने गिऱ्हाइकासमोर नवऱ्याची फिरकी घेतली, "यांचे टाके बघा, दारू पिऊन चालल्यासारखे!" गिऱ्हाईक हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी धाकट्याच्या हातात काठी दिली.

कडी लागली. पहिला फटका वाजला, धाकटी ओरडली. दुकानात थोरलीने नवऱ्याला डोळा मारला. "शिकली वाटतं पोरगी. ओरडते बरी." आपल्यासारखीच ही दोघंही चेष्टामस्करी करतात, म्हणजे खेळही आपल्यासारखाच असणार, असं ती धरून चालली होती. ती टाका घालत राहिली. तीन. चार. पाच.

सहाव्याला तिचा हात थांबला. कापसावरचा फटका पोकळ वाजतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? हा ओला वाजत होता. सातव्यानंतर किंचाळी आलीच नाही.

"अहो, खरं मारतायत!" ती धावली. थोरल्याने दारावर लाथा घातल्या. आत धाकटा मोजतच होता. दार मोडेपर्यंत त्याचे बारा पुरे झाले.

धाकटी भिंतीशी पडली होती. जबडा एका बाजूला सरकलेला, डाव्या कानातून रक्ताची धार, दात फरशीवर. तोंड वाचवायला वर केलेला हात कोपराखाली भलत्याच जागी वाकला होता. भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत शिंतोडे उडाले होते.

"दादा, ही उठत का नाही?" धाकटा काठी हातात धरून विचारत होता. "मी जास्त नाही मारलं. तुझ्याएवढंच मारलं, मोजून बारा. वहिनी तर लगेच शिवायला बसते!"

थोरल्याने काठी हिसकावली आणि भावाच्या खांद्यावर घातली. हाड वाजलं. त्याने ती पुन्हा उगारली, तेव्हा थोरलीने मनगट धरलं.

"आता खरं मारायला शिकू नकोस. तिला उचल."

दारात आळी गोळा झाली होती. "जिन्यावरून पडली," सासूबाईंनी सांगून टाकलं.

"कुठला जिना? घराला जिनाच नाही!" थोरला ओरडला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या भावाने मारलं तिला. आणि मी शिकवलं त्याला. आठ वर्षं मी गादी झोडपली आणि बायकोला झोडपतो असं तुम्हाला भासवलं. हिच्यावर मी कधी हात उचललेला नाही."

सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला. "शी! चारचौघांत काय सांगतोस हे!" उंबऱ्यावर सून रक्त ओकत होती, तेव्हा त्या बाईला लाज वाटली नव्हती. ती आत्ता वाटली. वाचकहो, अशा लाजेवर आपल्यातली किती घरं उभी आहेत, ते ज्याचं त्याने पाहावं.

पोलिसांपुढे दोघांनी सगळं सांगितलं. धाकट्याला नेलं. थोरलीने जबानीत स्वतःचे शब्दही लिहायला लावले, 'ओरडते बरी.' अंमलदार म्हणाला, "बाई, याची गरज नाही." ती म्हणाली, "आहे."

तीन आठवड्यांनी दवाखान्यात धाकटीच्या जबड्याची तार निघाली. डावा कान गेला तो गेलाच. थोरली तिच्या उजव्या बाजूला बसली आणि आठ वर्षांचा खेळ तिला पहिल्यापासून सांगितला.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग अडखळत विचारलं, "ताई, तुम्ही इतके चांगले होता एकमेकांशी. मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"लोक हसले असते गं यांना. म्हणून."

धाकटी हळूहळू उजव्या कुशीवर वळली आणि तिने चांगला कान उशीत घट्ट दाबून धरला.