लहान कॅबिनेटचा हट्ट

मुलाशी बोलायला मला विषय मिळाला तो जुना कॉम्प्युटर बंद पडल्यामुळे. पुस्तकांच्या शेवटी जी शब्दसूची असते, ती मी प्रकाशकांना करून देतो. निवृत्तीनंतरचा हा उद्योग. एका सकाळी पडद्यावर काळोख पसरला, तो हटेना. मुलाने मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "बाबा, हा गेला. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जुळवू. स्वस्तात चांगला होईल."

तेव्हापासून रविवारी चहा झाला की तो माझ्या खोलीत येऊन बसू लागला. एरवी आमचं बोलणं "गोळी घेतली का?" आणि "घेतली" एवढ्यावर आटपायचं. आता तो तासभर बसे. खर्चाची मर्यादा त्याने आधीच घालून दिली होती, आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याचा तो खेळ मला गोड लागला. प्रोसेसर एक पायरी खाली आणला, तर रॅम दुप्पट होते. ग्राफिक्स कार्ड गाळलं, तर पॉवर सप्लाय चांगला येतो.

"तुम्हाला काय गेम खेळायचेत?" तो म्हणाला.

"म्हातारचळ कधी लागेल, सांगता येतं का?"

तो चक्क हसला. किती वर्षांनी, कोण जाणे.

मी वाचनालयातून पुस्तकं आणून हे सगळं वाचून काढलं होतं. पण कळलेलं लपवून वेड्यासारखे प्रश्न विचारायचो, कारण कळलं म्हटलं की तो उठायचा. एखाद्या भागावर एकमत झालं की मला धास्तीच वाटे. मग पुढच्या रविवारी मी ते मोडून काढी. "रॅमचे भाव उतरणार म्हणतात. थांबू या का जरा?" कॉम्प्युटर मला हवा होता, नाही असं नाही. पण त्याहून तो तास हवा होता.

सूनबाई एकदा दारातून डोकावली. "इतक्या बैठका तर आमचं लग्न ठरवताना झाल्या नव्हत्या, बाबा."

"म्हणून तर तू मिळालीस," मुलगा म्हणाला. तीही हसली, मीही हसलो. अशी सकाळ घरात रोज असावी, असं मला वाटून गेलं.

एका बाबतीत मात्र तो हटत नव्हता. सगळे भाग ज्या पेटीत बसवायचे, ते कॅबिनेट. मी मोठं घेऊ म्हणत होतो. आत हवा खेळते, भाग तापत नाहीत.

"लहानच घ्यायचं."

"अरे, लहान महाग पडतं. त्याला मदरबोर्डही वेगळा लागतो. आतापर्यंतची सगळी काटकसर पाण्यात."

"जाऊ दे."

साध्या माउससाठी दहा दुकानं पालथी घालणारा माणूस इथेच सैल कसा सुटतो, हे मला कळेना. त्याला ते दिसायला आवडत असेल, अशी मी समजूत करून घेतली. माणसांच्या बाबतीत माझे अंदाज फारसे बरोबर येत नाहीत.

शेवटी लांबवायला काही उरलं नाही, आणि आम्ही दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि टोकाला काचेचं टेबल. टेबलामागचा दुकानदार भारी बोलका होता.

"काका, कॅबिनेट मोठं घ्या. लहानात पुढे काही वाढवता येत नाही. शिवाय पैसे जास्त."

"मी हेच सांगतोय," मी म्हणालो. बाजू घेणारं कोणी मिळालं की मला चेव येतो.

"लहानच द्या," मुलगा म्हणाला. "टेबलावर जागा नाही."

"टेबल केवढं आहे?"

"दोन फूट. भिंतीत बसवलेलंय."

माझं टेबल सागवानी आहे, चार पायांचं. त्यावर पाहुणा झोपवता येईल. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण दुकानदार पुढे गेला होता.

"नेटची वायर कुठून येते?"

"वायर नाही. वायफाय कार्ड टाका. तिथे सगळ्यांना मिळून एकच असतं."

"आणि स्पीकर?"

"स्पीकर नको. हेडफोन. शेजारच्या खोलीतल्यांना त्रास नको."

दुकानदार खो खो हसला. "काय काका, या वयात होस्टेलला निघालात की काय?"

मुलगा हसला नाही. पॉवर सप्लायचं खोकं उचलून तो त्यावरची बारीक अक्षरं वाचू लागला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणीही त्याचे कानच आधी बोलायचे.

आमच्या घरात मोठी गोष्ट कोणी सरळ सांगत नाही. त्याची आई गेली, तेव्हा मी त्याला फोनवर विचारलं होतं, "सकाळची गाडी मिळेल का तुला?" तो तेवढ्यावरून समजला होता. त्याने मला वेगळ्या रीतीने का सांगावं?

"तिथले पैसे भरलेत का?" मी हळूच विचारलं.

"हो. पुढच्या महिन्यापासून," तो खोक्याला म्हणाला. "दोघंही दिवसभर बाहेर. तुम्ही एकटे. एकदा गॅस चालू राहिला होता... मी सांगणारच होतो, बाबा."

"रविवारी?"

त्याने खोकं उलटं करून दुसरी बाजू वाचायला घेतली. म्हणजे माझा तो तास हा होता. तो दर रविवारी सांगायला येऊन बसत होता आणि मी त्याला रॅमचे भाव विचारत होतो.

"खिडकी आहे?"

"आहे. मोठी आहे."

"मग ठीक." आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला नवल वाटलं. दुकानदाराला म्हणालो, "लहानच द्या. पंखा तेवढा बिनआवाजाचा बघा. शेजारी माणसं असणार."

"हे कसं शहाण्यासारखं! जोडून घरपोच देतो. पत्ता सांगा."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काचेखालच्या रंगीत वायरी बघत राहिलो. मग तो पत्ता सांगू लागला. इमारत, मजला, खोलीचा नंबर. कुठे अडखळला नाही. मी कान देऊन ऐकत होतो. पत्रव्यवहारासाठी प्रकाशकांना तो कळवावा लागणार होता.