सॅम्पल फ्लॅटचा दरवाजा

ठोठावू नका. मी दरवाजा बोलतोय, आणि माझ्यामागे कुणी राहत नाही.

मला बनवलं सॅम्पल फ्लॅटसाठी. बारा मजली इमारत नुसती कागदावर. जमिनीवर काय ते मी आणि माझ्यामागच्या दोन चकाचक खोल्या. नळाला पाणी नव्हतं, पण टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं होती.

कर्ज देण्याआधी तयार घराच्या दरवाजाचा फोटो काढायचा, असा बँकेचा नियम. मग काय! तपासनीस आले की बिल्डरचा मेहुणा माझ्या छातीवर नव्या नंबराची पाटी ठोकायचा. सकाळी मी तिसऱ्या मजल्यावरचा, दुपारी नवव्यावरचा. साहेब गाडीतून जेमतेम उतरायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या वरच्यांनाही. कर्ज वाटलं की बढती, बुडालं की सरकार आहेच! आणि सरकार? ते स्वतःच बाहेरच्या देशांकडून उसनं आणून मिरवत होतं.

एकदा एक शिंपी आला, मुलीला घेऊन.

"बाबा, जिना कुठाय?" तिनं विचारलं.

"गप गं! एवढी मोठी बँक पैसे देतेय, ती काय खुळी आहे?"

बिल्डर हसला. "पोरगी हुशार आहे हो. वकील करा."

शिंप्यानं दुकान गहाण टाकलं.

मग बाहेरच्या देशांनी हात आखडता घेतला. बँकांची शटरं खाली आली. मंत्री टीव्हीवर म्हणाले, "सगळ्यांनीच थोडी कळ सोसूया." सगळ्यांनी म्हणजे शिंप्यानं. बँकेला सरकारनं वाचवलं. न बांधलेल्या घराचा शिंप्याचा हप्ता मात्र चालूच. दुकान गेलं, मुलीचं कॉलेज सुटलं. बिल्डर परदेशात. तपासनीस पेन्शन खातात आणि पोरांना काटकसर शिकवतात.

लोकांनी सॅम्पल फ्लॅट फोडला, तेव्हा शिंप्याच्या वाट्याला मी आलो. आता त्याच्या भाड्याच्या खोलीत दोन पिंपांवर आडवा पडलोय. तो माझ्यावर कापड बेततो.

आज बँकेचा नवा साहेब आलाय. गोड बोलतो. "काका, दुकान पुन्हा उभं करा की. जामीन मुलगी राहील."

"किती मिळतील?" शिंप्यानं लगेच विचारलं.

"बाबा, लाज नाही वाटत?"

"बापाशी असं बोलतात? सगळेच घेत होते तेव्हा!"

"आणि फेडतंय कोण?"

कापड बाजूला सारून शिंपी साहेबानं आणलेला कर्जाचा अर्ज माझ्यावर पसरतो आणि पेन तिच्यापुढे सरकवतो.

पोरी, उचलू नकोस.