बिननंबरी घरं

वरच्या वाडीतला विदोये म्हातारा रोज सकाळी पालिकेत ग्रोझदानाला फोन करायचा आणि रोज भांडायचा.

"पोरी, तुमची ती फोनवाली मेली का गं? एकट्या म्हाताऱ्यांना रोज फोन करून 'बरे आहात ना' म्हणून विचारणार होतात. मला कोण विचारतंय?"

"बघते, काका. आज जेवायला काय केलंय?"

"घेवड्याचं कालवण. कालचंच. तुला काय करायचंय? यादी बघ आधी!"

ही 'पोरी' साठीला टेकली होती. नवरा गेलेला, मुलगी व्हिएन्नात. कामाव्यतिरिक्त तिच्याशी दिवसभरात बोलणारा हा एकटाच, तोही शिव्या घालायला. तिला तेवढंही गोड लागायचं.

यादी तीच काढायची. पालिकेच्या हद्दीतली, शहरातली आणि वाड्यांवरची, सगळी नावं एका साध्या मजकुराच्या फाइलीत होती, स्वल्पविरामांनी तोडलेली. नवा संगणक आल्यापासून ती त्याच फाइलीवर क्वेरी चालवायची, म्हणजे अटी घालून नावं निवडायची: एकटे राहणारे, सत्तरीपुढचे, पत्ता पूर्ण असलेले. यादी यायची, संगणक चूक काही दाखवायचा नाही. तिचा साहेब ल्युबिन्को म्हणाला, "चूक दाखवत नाही म्हणजे चूक नाही." साहेबलोकांचं गणित असं सरळ असतं.

तिनं एकेक अट काढून पाहिली. पत्त्याची अट काढली आणि विदोये हजर! पण घर क्रमांकाचा रकाना कोरा. मूळ फाइल उघडली तर तिथं चक्क 'बब' लिहिलेलं. घराला नंबर नसला की 'बब' लिहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पोस्टमनला ती कळते, संगणकाला कुठून कळणार? फाइलीच्या सुरुवातीला शहरातली घरं, सगळी आकड्यांची. तेवढ्या ओळी चाळून त्यानं ठरवून टाकलं की हा रकाना आकड्यांचा, आणि पुढची अक्षरं गुपचूप गिळली. अख्खी वरची वाडी यादीतून गेली होती.

इलाज सोपा होता. मूळ फाइलीशेजारी एक छोटी फाइल ठेवून त्यात संगणकाला सांगायचं की हा रकाना मजकूर समज, अंदाज बांधू नकोस.

पण तिचा हात अडला. हे दुरुस्त झालं की विदोयेला फोनवाली फोन करणार. मग तो इथं कशाला करील? उद्या करू, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. वर वाडीत बर्फ पडायला लागलं होतं. विदोये निदान भांडत तरी होता. जे भांडत नाहीत त्यांचं काय? तिनं ती फाइल लिहिली, यादी नव्यानं काढली आणि फोनवालीच्या टेबलावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला नाही. समोरची कॉफी निवून गेली. शेवटी न राहवून तिनंच विदोयेचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. थोड्या वेळानं पुन्हा फिरवला, तरी व्यस्त. म्हातारा आता दुसऱ्या कुणाशी तरी भांडत होता. हे चांगलंच झालं, हे तिलाही कळत होतं. तरी ती रिसीव्हर कानाला लावून तो टूं-टूं आवाज ऐकत बसली, कारण तो ठेवून दिल्यावर दुसऱ्या कुणाला फोन करावा, हे तिला सुचेना.