कूलर आणि डिस्कचा दिवा

सोमवारी आईच्या घशाचं ऑपरेशन होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आवाज परत येईल असं धरून चालू नका. माझ्या हातात चार दिवस होते आणि अमरावतीच्या घरात पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर, नुसता उघडा बोर्ड. त्यातलं मेमरी कार्ड मागच्याच महिन्यात उडालं होतं, म्हणून बाहेरून हार्ड डिस्क जोडली, माइक लावला आणि आईला समोर बसवलं. "फोनवर घ्या ना," असं चंदा, माझी बायको, म्हणाली होती. पण मला सगळं नीट हवं होतं.

आईचं माहेर कौंडण्यपूर. रुक्मिणीच्या लग्नाच्या ओव्या ती अशा म्हणायची, जणू शेजारच्याच घरातली पोरगी पळून गेली. पण पाच मिनिटं झाली की डिस्कचा दिवा विझे, अर्धवट फाइल उघडत नसे आणि रेकॉर्डिंग पाण्यात जाई.

"काहून रे गजू, गेलं काय?"

"गेलं. माय, पुन्हा सुरुवातीपासून म्हण."

केबल बदलली, डिस्क बदलली. दुकानदाराशी भांडलो, चंदाशी तर विनाकारण भांडलो. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, आधी वीज तपासा. आणि घरी मी बोर्ड आणि डिस्क दोघांनाही मोबाइलच्या जुन्या चार्जरवर जगवत होतो.

रविवारी दुपारी अकराव्यांदा बसलो. दार बंद, पंखा बंद, मी घामाघूम. दिवा विझला आणि त्याच क्षणी बाहेर कूलर घरघरला. दार उघडलं तर चंदा बटणापाशी.

"आईनंच सांगून ठेवलं," ती म्हणाली. "गाणं सुरू झालं का पाच मिनिटांनी कूलर लावत जाय. गजू बाहेर येईन तं घर थंड पाहिजे."

कूलरच्या मोटारीनं वीज ओढली की चार्जर दबत होता आणि डिस्क सुटत होती. इतकंच. मी धावत जाऊन बोर्डाला दमदार अडॅप्टर आणि डिस्कसाठी स्वतःची वीज घेणारा हब आणला. कूलर मुद्दाम दोनदा लावून पाहिला. दिवा हलला नाही. मला नाचावंसं वाटलं.

"माय, म्हण आता."

आईनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. ती पाणी प्यायली, पुन्हा प्रयत्न केला. घसा पार बसला होता. मग माझ्याकडे बघत ती कशीबशी पुटपुटली, "राहू दे बाबू. चंदा, कूलर लाव वं. गजू घामानं भिजून राहिला."

आता आई पाटीवर लिहून बोलते. दीड महिन्यात डिस्क एकदाही सुटलेली नाही. तिच्यावर आईची एकच फाइल आहे, त्या शेवटच्या पुटपुटण्याची, एकोणीस सेकंदांची. तिचा उरलासुरला आवाज मीच माझ्या हट्टापायी संपवला, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपारी मी घरात शिरलो की आई पाटी बाजूला ठेवते, उठते आणि कूलरचं बटण दाबते.