बटाटा लिहिलेली फाईल

सेटिंगच्या फोल्डरमध्ये तेवीस फायली होत्या. नऊंच्या नावात ‘फायनल’ होतं, चार फायलींच्या नावात ‘नवीन’, दोन रिकाम्या होत्या आणि एकीत कुणाच्या तरी भाच्याचा नोकरीचा अर्ज होता. उरलेल्या सात गुरुजींच्या, तारखेसकट.

गुरुजी म्हणजे रक्ततपासणीच्या लॅबचा वेब सर्व्हर अकरा वर्षं सांभाळणारे ज्येष्ठ इंजिनिअर. सर्व्हर बंद पडला की ते डोळे मिटून विचार करत, एका फायलीत मेमरीचा आकडा वाढवत आणि सर्व्हर पुन्हा सुरू करत. पुन्हा सुरू केलेला सर्व्हर दोनेक तास चालतोच. त्याला आकडा लागत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण या ऑफिसात कावळ्याचा सत्कार व्हायचा. आकडा चढत चढत सहा गिगाबाइटवर गेला आणि तरी पहिले पाढे पंचावन्न. मग दोष कुणाचा? नव्या मुलीने लिहिलेल्या रिपोर्टच्या प्रोग्रॅमचा. तिची प्रोबेशनवरची नोकरी तीनच्या मीटिंगमध्ये संपणार, हे मॅनेजरबाईंनी तिला सकाळीच, चहा ढवळता ढवळता, सांगून टाकलं होतं.

अकराला सर्व्हर पुन्हा आडवा झाला. तिने लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहितो ती नोंदवही, उघडला. सुरुवातीच्याच एका ओळीत सर्व्हरला मिळालेली मेमरी लिहिली होती : ५१२ मेगाबाइट. म्हणजे अर्धा गिगाबाइट. ती ओळ रोज छापली जात होती. पण वाचायला कष्ट पडतात, आकडा वाढवायला पडत नाहीत.

तिने गुरुजींच्या फायलीत आकडा खोडून ‘बटाटा’ लिहिलं. सर्व्हर ही फाईल वाचत असेल, तर असलं काही पाहून तो जागचा हलणार नाही. मग तिने तो सुरू केला. तो सुरू झाला.

गुरुजी खुर्ची सरकवत आले. मागून मॅनेजरबाई.

“झाला ना, बाळ? कितीवर ठेवलास?”

“तुम्हाला काय वाटतं, सर?”

“कमी केला असशील. मी परवाच म्हणत होतो, सहा जास्त होतात त्याला.”

“बटाट्यावर ठेवलाय.”

मॅनेजरबाईंनी वाकून स्क्रीन वाचली, मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, सर्व्हर जुना आहे, कधीकधी चालवून घेतो बिचारा.

ती खरी फाईल शोधायला लागली. सर्व्हर सुरू करताना खरोखर वाचली जाणारी फाईल दुसऱ्याच फोल्डरमध्ये सापडली. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, लिहिणाऱ्याच्या जागी गुरुजींचंच नाव, आणि आत ५१२. तिने तिथे चार गिगाबाइट केलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मॅनेजरबाईंच्या देखत लॅबमधल्या चाळीस जणांना एकाच वेळी तिच्या प्रोग्रॅममधून रिपोर्ट काढायला सांगितलं.

चाळीसपैकी चाळीस रिपोर्ट आले. वेळ नऊ सेकंद. सर्वाधिक वापरलेली मेमरी एक हजार एकशे ऐंशी मेगाबाइट : जुन्या ५१२च्या दुपटीहून जास्त, नव्या चार गिगाबाइटच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.