चढ संपतो तिथे

खंडाळ्याच्या माथ्यावर, जुना घाट शेवटचं वळण घेऊन सपाटीला लागतो, तिथे अकबरीबाईंचं चहाचं दुकान होतं. सासऱ्यांनी ते मांडलं तेव्हा आजूबाजूला कारवीच्या झुडपांशिवाय काही नव्हतं. पण घाट चढून आलेल्या ट्रकांची इंजिनं तापून तिथेच फुसफुसत उभी राहायची. खाली घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकून आलेले ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायचे, तोंडावर मारायचे आणि चहा मागायचे. त्या चहाच्या आधाराने निवृत्तीची वड्यांची कढई आली, पंक्चरवाला आला, चिक्कीवाले आले. बघता बघता बाजार उभा राहिला.

मग डोंगराच्या पोटातून नवा रस्ता निघाला. गाड्या तिकडून सुसाट जाऊ लागल्या आणि माथ्यावर एकेक शटर खाली आलं. जवळच्या औंढे गावाहून येणारा निवृत्ती तेवढा उरला, तोही सवयीने.

"मावशी, हितं आता कावळा पन थांबत न्हाई," असं तो रोज म्हणायचा आणि रोज कढई चढवायचाच. मात्र दोघंही आता उन्हं चांगली वर आल्याशिवाय दुकान उघडत नसत. उघडायचं कुणासाठी?

अकबरीबाईंच्या मुलाने, जावेदने, लोणावळ्याच्याही पुढे सोमाटण्याच्या चौकात गाळा बघितला होता. रविवारी टेम्पो येणार आणि काउंटर, बाकं, भांडी घेऊन जाणार, असं ठरलं. बाईंना जायचं नव्हतं. पण नुसतं 'नको' म्हणून भागेना, कारण तर द्यायला हवं. म्हणून त्या एकदा सोमाटण्याला जाऊन गाळ्याच्या पायरीवर सकाळभर बसून आल्या. गाड्या येत होत्या, वळत होत्या, जात होत्या.

"अरे, पण तिथे दमतं कोण?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

जावेद हसला. "अम्मी, गिऱ्हाईक दमलेलं कशाला हवं? खिसा भरलेला असला म्हणजे झालं."

बाईंना आपल्या वडिलांची, अब्बांची आठवण झाली. अब्बा, इब्राहिमभाई, रेल्वेत होते. कर्जतहून गाडीला मागून रेटत आणणारं इंजिन लोणावळ्याला सोडवायचं, हे त्यांचं काम. तेवढा वेळ गाडी उभी, की माणसं खाली उतरणार, काहीतरी खाणार. हे गाव माणसांनी नाही, या चढाने वसवलंय, असं ते म्हणायचे. पण आता चढच कुणी चढत नव्हतं, तर अब्बांचं म्हणणं जावेदला कोणत्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी रात्री त्यांना झोप लागली नाही. उजाडताच त्या दुकानात गेल्या आणि शेवटचा म्हणून स्टोव्ह पेटवला. थंडी मजबूत होती. पातेल्याला जेमतेम उकळी आली, तोच वळणावरून एक बाई सायकलवर उभी राहून पेडल मारत वर आली. सायकल कठड्याला टेकवून तिने रस्त्याच्या कडेलाच बसकण मारली. डोक्यावर हेल्मेट, अंगातून वाफा निघत होत्या, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

अकबरीबाई बघतच राहिल्या. हे फुसफुसणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अनघा नाव तिचं, पनवेलहून आली होती.

"काकू, आज उघडं कसं काय?" दम परतल्यावर ती म्हणाली. "दर रविवारी येतो आम्ही. बरोब्बर इथे पाय संपतात आणि इथेच सगळं बंद."

"आम्ही म्हणजे? किती जण?"

अनघाने नुसता घाटाकडे हात केला. खालच्या वळणांवर रंगीबेरंगी हेल्मेटं मुंग्यांसारखी वर सरकत होती.

बाईंनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं. निवृत्तीला फोन करून म्हणाल्या, असशील तसा ये. तो स्वेटर उलटा घालून आला, गर्दी बघून क्षणभर दारातच थबकला आणि मग त्याने अशी काही कढई तापवली की वडा तळून निघायच्या आत हात पुढे येऊ लागले. कुणी मीठ-लिंबू मागत होतं, कुणी उकडलेली अंडी, कुणी केळी. जे नव्हतं ते पुढच्या रविवारी ठेवीन, असं बाई बेधडक सांगत सुटल्या होत्या.

टेम्पो घेऊन जावेद आला, तेव्हा काउंटरला हात लावायला जागा नव्हती. त्याने बाह्या सरसावल्या आणि कप विसळायला घेतले.

"सोमाटण्याला काय कळवू?" मान वर न करता त्याने विचारलं.

"कळव, बोगदा झाला म्हणून डोंगर कुठे गेलेला नाही," अकबरीबाई म्हणाल्या. "आणि टेम्पोचं भाडं फुकट घालवू नकोस. बाजारातून केळी घेऊन ये. येताना पंक्चरवाल्याला उठव, म्हणावं सायकलचा पंप घेऊन ये."

जावेदने टेम्पो वळवला. त्याचा हॉर्न थेट लोणावळ्याच्या उतारापर्यंत ऐकू येत राहिला.